पित्तावरची घोंगडी

४ नोव्हेंबर १९७८
फरीदाबादचं सरकारी क्वार्टर एकदाचं ताब्यात आलं! दोन खोल्या, मागे पेरूचं झाड आणि शेजारी चक्क मराठी घर. सुमित्राबाईंनी आल्याआल्या चहा पाठवला. अविनाश चिडवतो, लग्न होऊन इतक्या लांब आलीस तरी तुझं माहेर काही सुटत नाही. माळ्यावर काळी घोंगडी सापडली; आधी इथे राहणाऱ्या चंद्रप्रभाबाईंची, सुमित्राबाई म्हणाल्या. चांगली उबदार आहे. ठेवून घेतली.

९ नोव्हेंबर
अंगभर गांधी उठल्या. खाजवून जीव नकोसा झाला. सुमित्राबाई धावून आल्या. पित्तच हे, म्हणाल्या. आमसुलाचं पाणी चोळलं आणि मला घोंगडीत गुंडाळून बसवलं. आमच्या आईनेही हेच केलं असतं. पण आग उलट वाढली.

१२ नोव्हेंबर
मार्केटमधल्या डॉक्टरांनी माझ्या हातावर किल्लीने रेघ ओढली. बघताबघता ती फुगून वर आली. बीबीजी, ये पित्त-वित्त नहीं, एलर्जी है, म्हणाले. गोळ्या दिल्या. लोकर नको, ऊब नको; ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, तर तडक हॉस्पिटल. सुमित्राबाई हे ऐकून हसल्या. अविनाशही त्यांच्याच बाजूचा. मी घोंगडी परत माळ्यावर टाकली.

१५ नोव्हेंबर
सकाळी जाग आली तर घोंगडी अंगावर. अविनाश म्हणतो, मी नाही काढली. दोन्ही खांद्यांवर पंजे उठलेत, बोटंन्‌बोटं दिसतात. एका बोटावर अंगठीच्या खड्याचा चौकोन आहे. अविनाश अंगठी घालत नाही.

१७ नोव्हेंबर
गोळ्यांनी बाकी गांधी बसल्या, पंजे नाही. सुमित्राबाईंना विचारलं, चंद्रप्रभाबाई कुठे गेल्या? पित्तानेच गेली बिचारी, म्हणाल्या. तडफडत होती, घोंगडी फेकत होती. मीच खांदे दाबून धरले, शांत होईपर्यंत. त्यांच्या बोटात चौकोनी खड्याची अंगठी.
फार भीती वाटते. अविनाशला म्हटलं, हे घर सोडू. पागल झालीस का, म्हणाला.

१८
ओठ सुजले. जीभ जड— शब्द फुटत नाही. अविनाशला गळा दाखवला. तो धावला— डॉक्टरकडे नाही, शेजारी

आल्या. घोंगडी काढतायत. लिहून दाखवते— त्या म्हणतात, लिहू देऊ नका हिला, पित्त चढेल. हात खांद्यावर— बोटं त्याच पंज्यात— खडा त्याच जागी

अविनाश, वाच. हॉस्पि—