धाकट्या जावेचा फेटा

८ मे २०२५, अवसरी बुद्रुक

पाकिस्तानशी लढाई पेटली, म्हणून धाकट्या जावेचा संदीप सुट्टी अर्धी टाकून आज पलटणीत परत गेला. अख्खा गाव वेशीपर्यंत गेला त्याला सोडायला. पोराला हार घातले, ते ठीक. पण जावेच्या डोक्याला फेटा कशाला? तोबी गुलाबी! मी पार मागं उभी, तरी तेवढाच दिसत व्हता.

माझा गणेश भरतीच्या वेळी पळताना मागं पडला नसता तर... आज त्यानंच संदीपला गाडीवरून मंचरच्या स्टँडला सोडलं. त्याला कुणी साधा टिळासुद्धा नाय लावला.

संध्याकाळी जाऊ दारात आली. फेटा तसाच! मनात म्हटलं, गावभर मिरवून झालं, आता मला दाखवायला आली.

"काढ की आता तो. उकाडा काय कमी हाय का?"

"नाय काढायची, अक्का. संदीपनं सोताच्या हातानं बांधलाय. म्हनला, आई, आल्यावर मीच सोडीन."

मी तिला आत बसवलं. पुढ्यात ताट ठेवलं. तिनं भाकरी नुसती कुस्करली. तरी मेलं मनात आलंच, गुलाबी रंग मला जास्त शोभला असता.

जेवताना फेटा सैल होऊन कानावर आला तिच्या. मी उठले आणि टोक घट्ट खोचलं.