मंगळ जवळ आला ते वर्ष

३ फेब्रुवारी २००३
कोलंबिया यान जळालं. आपली कल्पना चावला गेली! शाळेच्या फळ्यावर रोजची बातमी लिहितो, पण आज हात चालेना. समोरच्या अंगणवाडीतली सेविका प्रभावती पोरांना घेऊन वाचायला आली. "सर, घरी पोचायला थोडाच वेळ राह्यल्ता ना?" पदरानं डोळे पुसत होती. मग मीही पुसले.

२० मार्च
इराकवर बाँब पडले. राजूरच्या प्रत्येक टपरीवर एकेक सेनापती बसलाय! आईला सांगितलं, तर म्हणाली, "तिथल्या बायांनी लेकरं कुठं लपिवली असतील रे?" चहा तसाच ठेवला तिनं.

२४ मार्च
काल वर्ल्ड कपची फायनल हरलो. फळ्यावर एकच शब्द लिहिला — हरलो. दुपारी पाहतो तर खाली प्रभाचं अक्षर — फायनलपर्यंत गेल्तो की!
ठरलं. लग्न करीन तर हिच्याशीच.

१० एप्रिल
प्रभा हो म्हणाली!! पण लगेच म्हणाली, "मला मंगळ हाये, सर. दोन जागी मोडलंय त्याच्यानं. आधी आईंना विचारा."

११ एप्रिल
विचारलं. मंगळाचं नाव निघेपर्यंत आई हसत होती. मग ताट बाजूला सारलं. "मंगळी सून न्हाई आणायची म्हंजे न्हाई." वडील गेले तेव्हा मी पहिलीत होतो. तिनं एकटीनं वाढवलं मला. तिच्याशी भांडवत नाही, प्रभाला सोडवत नाही. पुरता अडकलो!

१९ ऑगस्ट
माझ्याच हातानं घोटाळा केला! मोठ्या हौसेनं फळ्यावर लिहिलं — मंगळ पृथ्वीजवळ येतोय, साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता! झालं. शेजारच्या रामरावतात्यांनी लेकीच्या सोयरिकीची बोलणीच थांबवली. आई म्हणाली, "दूर व्हता तं एवढा तरास. आता दारात आल्यावर मंगळी आणतो व्हय?"
प्रभा मात्र पोट धरून हसली. "सर, आपल्या लग्नालाच येऊन राह्यला असंल तो!"

२७ ऑगस्ट
आज एकदाचे ढग फाकले. जालन्याच्या मित्राची दुर्बीण आणून ठेवली होती, ती जेवणं झाल्यावर मैदानात लावली. अख्खं गाव रांगेत! प्रभा स्वतः जाऊन आईला हात धरून घेऊन आली. आई बराच वेळ डोळा लावून उभी होती.
"एवढुसा?" म्हणाली. "ह्योच का त्यो?"
पुन्हा पाहिलं. 

२८ ऑगस्ट
सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मलाबी मंगळ हाये. माझ्या बापानं लग्नात लपिवल्ता. तुझे वडील गेले तवापासून वाटतं, मीच खाल्लं त्यांना."
साप चावला होता गं आई, साप! पीठ लागलेले तिचे हात धरून मी रडलो.
"बोलणी करायला मी येते," म्हणाली. "पण त्या पोरीला असलं कधी वाटू देऊ नको."