सात, आठ, सहा

१४ मार्च

दादा,

आज सकाळी पट्टा बांधून घरातल्या घरात चालले, मग पडून राहिले. मणक्याचं हाड जुळतंय, असं डॉक्टर म्हणाले.

माझा व्यायाम मोजताना तू मुद्दाम "सात, आठ, सहा" म्हणायचास. मी ओरडायचे, "फसवतोस!"

"गणितात नापास झालेला माणूस मी. चालायचंच, बाई!"

गेल्या महिन्यात तुला शेवटचं नेलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "तू उठू नकोस गं." डॉक्टरांनी मला दारापर्यंत चालायची परवानगी आदल्याच दिवशी दिली होती. मी ते कुणालाच सांगितलं नाही. छताकडे बघत पडून राहिले. रडूही आलं नाही.

संध्याकाळचा व्यायाम राहिलाय. आता मीच मोजते. सात, आठ, सहा.

तुझी धाकटी