त्रेसष्ट मावळे आणि एक कावळा

जोगेश्वरी, बुधवार

ती. सहदेवभाऊ यांस नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मुलुंडच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का? आमच्याकडे ठीक म्हणायचं. दादा जाऊन चार महिने झाले, आणि मी मिशा रंगवतो आहे.

दहाव्याला तुम्ही नव्हतात (गुडघे), म्हणून सांगतो. पिंडाला कावळा शिवेना. वहिनीला सांभाळू म्हणालो, त्याच्या प्रांजलचं लग्न करून देऊ म्हणालो, गावच्या घरावर नवे पत्रे घालू म्हणालो. कावळा झाडावरून हलेना. भटजींना पुढे अंधेरीला काम होतं. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही, पण तोंडातून निघून गेलं, "दादा, तुझे उरलेले त्रेसष्ट मावळे मी रंगवतो." वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर. (भटजी म्हणाले, "आधी बोलायचं ना हो!")

तुम्ही दोघं वीस वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर असली चिमुकली सैन्यं मांडून लढाया खेळलात. मला साधं दारही कधी नीट रंगवता आलं नाही. बोटाच्या पेराएवढा शिशाचा माणूस, आणि त्याला दोन डोळे काढायचे! माझे पहिले दहा मावळे आताच काहीतरी भयंकर बघून आल्यासारखे दिसतात. कल्पिता म्हणाली, "अहो, हे लढायला चाललेत की रडायला?" वहिनी म्हणाली, "असू दे गं, घरचेच वाटतात."

मिशीला नमुना हवा म्हणून दादाने रंगवलेला एक गडी मी वहिनीच्या नकळत टेबलावरून उचलला आणि काम झाल्यावर माझ्या ओल्या मावळ्यांबरोबर खिडकीच्या ग्रिलवर ठेवला. शेजारी वहिनीचे बोंबील वाळत होते. कावळा आला. बोंबील सोडून नमुना घेऊन गेला.

आजवर सोळा झाले. वर्षश्राद्धापर्यंत उरलेले होतील असं वाटत नाही. कावळा रोज ग्रिलवर येऊन काम तपासतो. मी त्याच्याकडे बघत नाही.

आपला,
नंदकिशोर

ता. क. – रंगाचं माझं मी बघेन. खरी अडचण टेबलाची आहे. दादाला दवाखान्यात नेलं तेव्हा तुमची लढाई अर्धी होती आणि खेळी त्याची होती. त्याची खेळी झाल्याशिवाय वहिनी टेबल आवरू देत नाही. चार महिने आम्ही जमिनीवर बसून जेवतो.

आणखी एक – कावळ्याने नेला तो तुमचा मोगल सरदार होता, हिरव्या झग्यातला. रिकामी जागा वहिनीला काल दिसली. मी सगळं कबूल केलं. तिने ग्रिलकडे बघितलं, आणि मग (चार महिन्यांत पहिल्यांदा) हसली. म्हणाली, "भावोजी, मुलुंडला कळवा. ह्यांची खेळी झाली."

तेव्हा रविवारी या. सरदाराशिवाय लढावं लागेल.