भिंतीपलीकडचा फणस

४ मे, चारकोप
एकदाची मुंबईत आले! कणकवलीच्या मुलीला स्वतंत्र खोली आणि पहिली नोकरी, झकासच! शेजारच्या शेवंतीकाकू एकट्याच राहतात. मालवणच्या. आल्या आल्या घावणे दिले. म्हणाल्या, "जान्हवी, गावसून बरको फणस येतलो, तुकाय देतंय."

५ मे
आमच्या कारखान्यात खाण्याच्या पदार्थांचे वास बनवतात. गार्गी मॅडमनी दोन बाटल्या हुंगायला दिल्या. 'चीज' लिहिलेली खमंग वाटली. 'ओकारी' लिहिलेली झटकन नाकापासून दूर धरली. मग कळलं, दोन्हींत एकच द्रव! मॅडम हसून म्हणाल्या, "नाक नुसती खबर देतं गं. वास कसला, ते मेंदू ठरवतो."

९ मे
खोलीत घाण वास. गोडसर, कुजका. जेवण जाईना. घरमालकीण नंदाताई म्हणाल्या, उंदीर मेला असेल. काकूंची बेल वाजवली, उत्तर नाही. गावाला गेल्या असाव्यात. मग मॅडमचा प्रयोग आठवला. काकूंच्या बाजूच्या भिंतीशी उभी राहिले, डोळे मिटून स्वतःला बजावलं, काकूंचा फणस पिकलाय. पुन्हा पुन्हा हुंगलं आणि खरंच, फणस! तोंडाला पाणी सुटलं.

११ मे
घमघमाट नुसता. त्या भिंतीला टेकूनच डबा खाते, चार घास जास्त जातात. माश्याही आल्यात; फणस म्हटल्यावर येणारच. नंदाताई दारातूनच पदर नाकाला लावून मागे फिरल्या. तुला कसलाच वास येत नाही का, विचारत होत्या. फणस, म्हटलं.

१२ मे
नंदाताईंनी पोलीस बोलावून काकूंचं दार फोडलं. काकू पलंगाशेजारी, माझ्या भिंतीला लागून — फुगलेल्या, काळ्या, अंगावर वळवळ. कधीच्या गेलेल्या. घरात फणस नव्हताच. एक पोलीस जिन्यात ओकला. आणि मी — मला फणसाचाच वास येत होता. सगळ्यांसमोर लाळ गिळत उभी होते.

१३ मे
भिंत फिनेलने धुतली. 'प्रेत, प्रेत' घोकत हुंगते. मेंदू ऐकत नाही. आईला फोन लावला, बोलता बोलता नाक पुन्हा भिंतीशी — शी! घशात बोटं घातली. नुसती लाळ.

१४ मे
वरणभात टाकून दिला. चव नाही कशालाच. भूक — फक्त या भिंतीपाशीच भूक.

१५ मे
भिंतीच्या तळाशी ओल झिरपलीय. पिवळट, चिकट. काय आहे ते मला माहीत आहे. माहीत आहे. बोट लावलं. हुंगणार फक्त — ओठांपाशी — नको, जान्हवी, न—