पाचव्या घराचा फॉर्म

३ डिसेंबर २००८, लाखांदूर

आले एकदाची! चहा-साबणाच्या सर्वेक्षणाचं काम मिळालंय. खोली छान आणि घरमालकीण जानकीबाई त्याहून छान. बॅग टेकायच्या आत पोह्यांची बशी हातात. माझी सहा वर्षांची हर्षा तुमसरला आईकडे आहे. महिनाभर नीट काम केलं की नोकरी पक्की, मग तिला इकडेच आणायचं. कामाचा नियम सोपा आहे. गावात शिरल्यावर उजव्या हाताने चालायचं आणि दर पाचव्या घरी विचारायचं. घर बंद असेल तर तीनदा जायचं. आज एका आजींना विचारलं, कोणता साबण वापरता? त्यांनी उलट मलाच विचारलं, तू आंघोळ करून आलीस का? खूप हसले.

६ डिसेंबर

आज लबाडी केली. गावातलं शेवटचं पाचवं घर बंद होतं आणि एसटी सुटायला आली होती. तीन खेटे कोण घालणार? थांब्यावर बसूनच फॉर्म भरला. बाईचं नाव ठेवलं ललिताबाई. उत्तरं आमच्याच घरची लिहिली: चहा आमचा, साबण आमचा. एक मुलगी, नाव हर्षा, वय सहा. खोटं बोल पण रेटून बोल!

९ डिसेंबर

आमचे सुपरवायझर पुंडलिकराव काही घरी पुन्हा जाऊन फॉर्म पडताळतात. त्यांनी नेमकं तेच घर निवडलं. पण परत आल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. ललिताबाई भेटल्या, चहा पाजला, सगळी उत्तरं जुळली. फक्त मुलगी घरी नव्हती. येईल आता, असं बाई म्हणाल्या.

मला जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर

भर दुपारी तिथे गेले. दाराला कुलूप, कुलपाला गंज. शेजारचे गोमाजी म्हणाले, बारा वर्षांत इथे कोणी राहिलं नाही. मग चहा कोणी पाजला?

१२ डिसेंबर

आईचा फोन आला. हर्षा सकाळपासून चप्पल घालून उंबऱ्यात बसलीय. आई न्यायला येणार, म्हणते. मी तिला असं काहीच सांगितलेलं नाही.

पुंडलिकरावांपाशी सगळं कबूल केलं. नोकरी गेली तर गेली, माझी पोर आधी. ते रागावले नाहीत, पांढरे पडले. काल ते पुन्हा तिकडून गेले होते. बाई दारातच उभी होती. म्हणाली, “माही पोरगी येऊन राहिली. तुमच्या बाईनंच तं लिहून देल्ली.”

फॉर्म फाडून चालणार नाही, म्हणाले. उत्तर बदलायचं तर त्या बाईला समोर बसवून पुन्हा विचारावं लागतं, हाच नियम.

१३ डिसेंबर, सकाळ

हर्षा घरात नाही. अंगणात नाही. आई फोनवर रडतेय. गल्लीतल्यांनी तिला जाताना पाहिलं — तिच्या आईबरोबर. मी तर इथे —

दुपार

त्या बंद घराचं दार उघडं आहे. ती समोर बसलीय. वर बघवत नाही, म्हणून लिहीत राहते.

विचारलं, घरात मुलं किती?

एक, म्हणाली.

हात जोडले. नाही म्हणा. एकदाच —

आतून हर्षा आली. माझी हर्षा. मी हात पुढे केले. तिने पदर धरला — त्या बाईचा.

“आई, ह्या कोण?”

“सर्वेवाली बाई हाय.”

नाही. हर्षा, बघ इकडे, मी तुझी —