लॅडर आणि मर्सी

३ फेब्रुवारी
झटका आल्याला पाचवा महिना. ह्यांच्या तोंडून शब्द नाही. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस! बोलायला शिकवणाऱ्या बाई आज स्पष्टच म्हणाल्या, "मार्चपर्यंत काही उमटलं नाही, तर मी येणं थांबवते." जाताना गृहपाठ दिला. रोज दोन इंग्रजी शब्द घ्यायचे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. अर्थ सांगायचा, कुठे वापरतात ते सांगायचं, मग फरक विचारायचा. ह्यांचं इंग्रजी आधी जागं होईल म्हणे. आणि विचारणार कोण — मी! सातवी पास, दिवसभर गणवेश शिवणारी.

४ फेब्रुवारी
डोळे मिटून डिक्शनरी दोनदा उघडली. लॅडर आणि मर्सी. शिडी आणि दया.
खाटेशी बसून सांगितलं — लॅडर चढायला. मर्सी दुकानदाराकडे मागायची, भाव कमी करायला.
ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वह्या तपासताना पडायच्या तशाच. ओठ हलले, आणि — "नो... जज."
मर्सी न्यायाधीशाकडे मागतात! माझी चूक सहन झाली नाही ह्यांना. ऊर भरून आला माझा. चुकल्याचा एवढा अभिमान कुणाला वाटला नसेल.
मग म्हटलं, मागून आणलेली शिडी परत करता येते, मर्सी येत नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. "गुड." एकतीस वर्षांच्या संसारातला माझा पहिला गुड.

५ फेब्रुवारी
सगळं बरोबर सांगितलं. ह्यांनी नुसती मान हलवली.

६ फेब्रुवारी
आता ठरवून चुकते.

१९ फेब्रुवारी
पिलो आणि प्रॉमिस. म्हटलं, दोन्ही उशाला घ्यायचे. "नो. प्रॉमिस... कीप. ऑर ब्रेक." पाच शब्द! कामावर दिवसभर हवेत होते, एक कॉलर उलटी लावली. चुकीचं सांगायला आधी बरोबर अर्थ पाठ करावा लागतो, पहाटे उठून करते.

२ मार्च
मुलगी आली. आमचा अभ्यास ऐकला आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, तुला इंग्रजी येत नाही तर राहू दे ना. बाबांना किती त्रास होतो." उत्तर ओठांवर आलं होतं, गिळलं. भिंतीपलीकडे ह्यांना सगळं ऐकू जातं. मुद्दाम चुकते हे कळलं तर बोलणंच थांबायचं. खूप लागलं मात्र.

३ मार्च
आज माझ्या जागी मुलगी बसली. ह्यांनी तिच्या हातातून डिक्शनरी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आणि मराठीत, पाच महिन्यांत पहिल्यांदा, तिला म्हणाले — "आईला... येतं. मुद्दाम चुकते."